हळू वाढणारी गाठ, झपाट्याने वाढणारी किंमत

मेंदूतल्या काही गाठी फार हळू वाढतात. डॉक्टर त्यांना 'लो-ग्रेड ग्लायोमा' म्हणतात. तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाला अचानक फिट येते, एमआरआय होतो आणि गाठ सापडते. ऑपरेशननंतर माणूस पुन्हा कामाला लागतो, संसार करतो. पण गाठ बहुतेकदा परत वाढते आणि पुढे उग्रही होते. या आजाराच्या औषधांचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवलं, की ही जितकी विज्ञानाची गोष्ट आहे तितकीच बाजाराची.

आधी अडचण हळूपणाचीच होती. रुग्ण थोडे आणि औषधाचा गुण कळायला वर्षानुवर्षं लागणार. अमेरिकेत १९९८ ते २००२ या काळात असे २५१ रुग्ण एका चाचणीत घेतले. निम्म्यांना फक्त रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशननंतर तीन जुनी केमोची औषधं. पक्का निकाल छापून आला २०१६ मध्ये! पहिल्या गटाचं मध्यमान आयुष्य ७.८ वर्षं, दुसऱ्याचं १३.३ वर्षं. चाचणी सरकारी पैशावर झाली. एका निकालासाठी अठरा वर्षं थांबायला कुठली कंपनी तयार होईल?

आता त्या तीन औषधांतल्या एकाचं काय झालं बघा. लोमुस्टीन १९७६ पासून अमेरिकेच्या बाजारात आहे, पेटंट कधीच संपलेलं. २०१३ मध्ये मूळ कंपनीने ते एका छोट्या कंपनीला विकलं. सर्वांत मोठ्या डोसची कॅप्सूल तेव्हा सुमारे ५० डॉलरला होती, २०१७ च्या अखेरीस ती ७६८ डॉलरवर गेली. पेटंट संपलं की औषध स्वस्त होतं असं आपण धरून चालतो. पण विकणारा एकच उरला तर पेटंट असलं काय नि नसलं काय!

दरम्यान विज्ञान पुढे गेलं. २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना ग्लायोमाच्या काही गाठींत आयडीएच नावाच्या जनुकात बिघाड सापडला. हळू वाढणाऱ्या बहुतेक गाठींत तो असतो, हे पुढच्याच वर्षी दिसलं. त्यावर नेम धरून एजिओस या अमेरिकन कंपनीने व्होरासिडेनिब ही गोळी तयार केली. २०२० च्या डिसेंबरात कंपनीने आपला अख्खा कर्करोग विभाग फ्रान्सच्या सर्व्हिए कंपनीला जास्तीत जास्त दोन अब्ज डॉलरच्या सौद्यात विकायचं जाहीर केलं. ३३१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला: गोळीने गाठ सरासरी २७.७ महिने आटोक्यात राहिली, गोळीविना ११.१ महिने. आयुष्य किती वाढतं, हे मात्र त्या निकालात सिद्ध झालेलं नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तिथली छापील किंमत महिन्याला सुमारे ४० हजार डॉलर.

गोळी रोज घ्यायची, गाठ पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे कदाचित कित्येक वर्षं. ज्या हळूपणामुळे कंपन्या लांब राहत होत्या, तोच आता कमाईचा आधार झाला. अमेरिकेतल्या विक्रीवरच्या रॉयल्टीचा हक्कसुद्धा एजिओसने २०२४ मध्ये ९० कोटींहून जास्त डॉलरला विकला.

गोळी चांगली आहे. तरुण माणसाचं रेडिएशन दोन वर्षं पुढे ढकललं गेलं, तर ती लहान गोष्ट नाही. संशोधनाला पैसा लागतो, हेही मान्य. पण किंमत कोणी ठरवायची?

आपल्याकडे याचं एक उत्तर आहे, आणि ते मुंबईतच दिलं गेलं होतं. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नेक्सावार या कर्करोगाच्या औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. त्यानंतर मात्र असा परवाना दुसऱ्या कुठल्याही औषधाला मिळालेला नाही.

कायदा आजही तोच आहे. पण असे आजार दुर्मीळ, घरं विखुरलेली. मोर्चा काढण्याएवढी माणसं एका गावात सापडत नाहीत. म्हणूनच हा प्रश्न त्या घरांवर सोडून चालणार नाही, तो आमदार-खासदारांना आपण विचारायचा आहे.