भास्करभट्टाचा ग्रंथ व गुरुबंधूचा अभिप्राय

सालेकसा तालुका महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व काठावर आहे. १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. भंडाऱ्याचें नांव जुन्या मराठी गद्यांत येतें तें श्रीचक्रधरांचे शिष्य नीळभट्ट भांडारेकार यांच्यामुळें. या बाजूच्या संग्राहकांनीं महानुभावांच्या पोथ्यांकडे वळावें यास एवढें निमित्त पुरे आहे. प्रस्तुत लेखांत त्या पंथांतील एका चालीचा विचार करावयाचा आहे. ग्रंथ पुरा झाला म्हणजे तो जाणत्या गुरुबंधूस दाखवावयाचा व त्यानें आपलें मत आडपडदा न ठेवतां सांगावयाचें, अशी ती चाल होय.

हिचें उत्तम उदाहरण भास्करभट्ट बोरीकराचें. नागदेवाचार्यांचा हा शिष्य संस्कृतांत निष्णात होता. त्यानें ‘शिशुपालवध’ रचिला. ओव्या हजाराहून अधिक. विषय श्रीकृष्णचरित्राचा, पण कवीची लेखणी रमली ती शृंगारांत व ऋतुवर्णनांत. ग्रंथ त्यानें ज्येष्ठ गुरुबंधूपुढें ठेविला. परंपरा सांगते कीं, ग्रंथ चांगला वठला हें त्या गुरुबंधूनें आधीं कबूल केलें. मात्र तो संसारी रसिकाच्या उपयोगाचा आहे, निवृत्ताच्या नव्हे, असेंही लागलेंच सांगितलें. यावर भास्करभट्टानें वाद घातला नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यानें ‘उद्धवगीता’ लिहिली. त्या स्कंधावरील मराठीतली ही पहिली टीका होय. एकनाथांचें भागवत १५७३ सालीं काशीस पुरें झालें, म्हणजे तें हिच्या मागाहून अडीच शतकांनीं.

या हकीकतीचें नेहमीं असें तात्पर्य काढितात कीं, पंथाच्या वैराग्यानें एका कवीस वेसण घातली. आम्हांस हें पटत नाहीं. गुरुबंधूनें एकही ओवी गाळावयास सांगितली नाहीं, आणि कवीनेंही पहिल्या ग्रंथांतला शृंगार खरवडून काढिला नाहीं. दोष दाखविला तो ग्रंथ कोणासाठीं या प्रश्नावर, काव्यगुणावर नव्हे. शिवाय, महानुभाव ज्या सात काव्यांस ‘सातीग्रंथ’ म्हणून मान देतात त्यांत ‘उद्धवगीता’ आहे, तसा ‘शिशुपालवध’ही आहे. निवृत्तांस अयोग्य ठरलेला ग्रंथ निवृत्तांच्याच मठांत शतकानुशतकें नकलून ठेविला गेला! टीकाकारास ग्रंथ नष्ट व्हावयास नको होता, याहून भक्कम पुरावा कोणता हवा? पुढें हेच भास्करभट्ट कवीश्वराचार्य म्हणून पंथाचे आचार्य झाले.

नागदेवाचार्यांचा केशिराजबासांस झालेला निषेध याहून कडक होता. केशिराज संस्कृताचे पंडित. त्यांची लेखणी संस्कृताकडे वळे. आचार्यांनीं त्यांस थांबविलें, कारण तसें लिहिल्यास पंथांतल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकतील. ‘स्मृतिस्थळां’त हा प्रसंग आहे. सालेकशाच्या बाजारीं मराठीबरोबर गोंडी, पोवारी व छत्तीसगढी आजही कानीं पडतात; तेथें उभें राहून हा प्रसंग आठवला म्हणजे आचार्यांची शंका किती व्यवहारी होती हें कळतें.

‘लीळाचरित्रा’ची गोष्ट निराळी. म्हाइंभटानें गांवोगांव हिंडून, ज्यांनीं चक्रधरांस पाहिलें होतें त्यांच्या तोंडून लीळा मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. यादवराज्य बुडाल्यानंतरच्या धामधुमींत मूळ प्रत नाहींशी झाली असें सांगतात. मग ज्याच्या त्याच्या स्मरणावरून पाठ सिद्ध झाले, आणि हिराइसेचा पाठ, पिढीपाठ अशीं नांवें रूढ झालीं. एकानें दुसऱ्याचें स्मरण चूक ठरविलें तरी तें पुसून टाकिलें नाहीं. शेजारीं नोंदवून ठेविलें.

याउलट एकनाथांचें काम. १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला व पुढें कोणी त्यांत आपली ओवी घालूं नये असें बजाविलें. मूळ कवी तीन शतकांपूर्वीं समाधिस्थ झालेला, तेव्हां शोधकास स्वतः हात घालणें भागच होतें. भास्करभट्टाचा परीक्षक जिवंत कवीशीं बोलत होता. त्यानें ग्रंथाला हात लाविला नाहीं, नवा ग्रंथ मात्र लिहविला.

संग्राहकांस येथें एक सूचना करावीशी वाटते. ‘शिशुपालवधा’च्या पोथींत शृंगाराच्या ओव्या दाट आढळल्या म्हणून त्या मागाहून घुसडलेल्या समजूं नयेत, व त्या विरळ आढळल्या तर ती कवीनें सुधारलेली प्रत असेंही मानूं नये. सुधारणा दुसऱ्या पोथींत आहे. दोन्ही पोथ्या एकाच बासनांत बांधलेल्या सांपडल्या, तर नोंद करितांना त्यांची ताटातूट करूं नये.