पैनगंगेच्या दोन तीरांवरचे रान

इस्लापूरपासून सहस्रकुंड फार दूर नाही. तेथे पैनगंगा काळ्या खडकांवरून खाली कोसळते. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. दोन्ही तीरांवर साग, मोह, धावडा, तेंदू ह्यांचे एकच रान. परंतु स्वातंत्र्यापूर्वी ही नदी ओलांडली की राज्य बदलत असे. पलीकडे इंग्रजांच्या अमलातील वऱ्हाड, अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. इस्लापूरचे मंडळ तर आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने ते, आणि शेजारचा किनवट तालुका, आपल्या मराठी मुलखाला जोडले गेले. राज्ये दोन असली तरी ह्या रानाने दोघांपुढे प्रश्न एकच ठेवला होता: सरकारचा शिक्का बसलेले जंगल राखावयाचे कोणी?

ह्या प्रश्नाचे मूळ १८७८ सालच्या जंगल कायद्यात आहे. इंग्रजी मुलखात ह्या कायद्याने राखीव आणि संरक्षित अशी रानांची वाटणी केली, आणि सरपण, गवत, चराई ह्या पिढीजात गोष्टी राखीव रानात सरकारच्या मर्जीवर आणून ठेवल्या. न्यायमूर्ती रानडे जिचे प्राण होते त्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने ह्या धोरणाला हरकत घेतली. रान टिकवायचे तर खेडुताला हाकलू नका, त्याला विश्वासात घ्या, जे गाव आपले रान नीट राखील त्याला बक्षीस द्या, असे सभेचे म्हणणे होते. पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये महात्मा फुल्यांनी जंगल खात्याने गायराने गिळल्याची तक्रार केली. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले.

योगायोग असा, की त्याच १८७८ साली इंग्लंडात लंडनजवळच्या एपिंग जंगलाचा कायदा झाला. तेथे जमीनदार रानाला कुंपणे घालीत होते; फांद्या तोडण्याचा जुना हक्क बजावणाऱ्या मजुरांनी तुरुंगवासही भोगला. लोकांनी चळवळ केली, आणि पार्लमेंटने ते रान सर्व जनतेसाठी मोकळे राखले. जे तत्त्व लंडनकराला मान्य झाले, ते ठाण्याच्या वारल्याला नाकारले गेले.

आता पैनगंगेच्या पलीकडे जाऊ. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. वऱ्हाडला समुद्र नाही; तेव्हा दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ झाले. पण घरोघर बोचणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसदजवळ राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि कैद पत्करली. गवत कापले, ही गोष्ट लहान वाटेल; पण तीत विवेक होता. पावसाळ्यात गवत पुन्हा उगवते, झाड उगवावयास आयुष्य लागते. कायदा मोडायचा, रान मोडायचे नाही, असा तो पवित्रा होता. ही चळवळ महाराष्ट्रात दूरवर पसरली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरला अशाच सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले.

अलीकडच्या तीरावर मात्र सत्याग्रहाला वावच नव्हता. आदिलाबादच्या रानात राखीव हद्दीचे दगड गोंडांच्या आणि कोलामांच्या गावांना वेढीत चालले होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत एका रेघेने अतिक्रमण ठरत होते. कुमराम भीम ह्या गोंड पुढाऱ्याने बारा गावांसाठी जमिनीचे पट्टे मागितले. त्यांची मागणी जल, जंगल आणि जमीन अशा तीन शब्दांत आजही सांगितली जाते. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळ्यांनी भीम आणि त्यांचे साथीदार पडले. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ ह्यांनी गोंडांची स्थिती पाहून अहवाल लिहिले, आणि मग पुष्कळ कुटुंबांना पट्टे मिळाले. अर्जाने जे मिळावयास हवे होते, ते रक्त सांडल्यावर मिळाले.

ह्या इतिहासाला एक कडू बाजूही आहे. १९४७ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडण्यात आली. हेतू निजामाचे आबकारी उत्पन्न बुडविण्याचा होता. लढा न्याय्य होता, त्यागही मोठा होता. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: झाड सरकारचे ठरले, की सरकारवरचा राग झाडावर निघतो. जे आपले राहिले नाही, त्यासाठी हात आवरत नाही.

सार्वजनिक सभेने दिलेला सल्ला कायद्यात उतरावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्था करण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा ह्या गोंड गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर हा हक्क मिळविला. तेथे बांबू कधी आणि किती तोडावयाचा, हे गावच सभेत ठरवू लागले. आणि त्या रानाची राखण गावाने आपणहून पत्करली.

पैनगंगेच्या काठचे रान आता अभयारण्य आहे. ते वाघासाठी आणि नदीसाठी राखले पाहिजे, ह्यात दुमत नाही. पण तेथील राखणदारांची संख्या कितीही वाढवली, तरी रात्री सागाच्या बुंध्यावर पडणारा घाव प्रथम ऐकू येतो तो शेजारच्या पाड्यालाच. तो ऐकून पाडा उठून बाहेर येतो, की कूस बदलून झोपतो, ह्यावर रानाचे भवितव्य अवलंबून आहे. पाड्याने उठावे असे वाटत असेल, तर १८७८ साली पुण्याहून दिलेला सल्ला इस्लापूरच्या रानात आज तरी अमलात यावयास हवा.