एका केसापासून तंगुसापर्यंत

बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाचकाला तो ठाऊक असतो तो एका उल्लेखामुळे. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात, असे त्यात म्हटले आहे. ओवीच्या ओढीने ग्रंथ उघडणारे आपले अभ्यासक त्यातल्या ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाकडे मात्र क्वचितच वळले. राजा कानडी मुलखाचा, ग्रंथ संस्कृत, ओवी मराठी आणि मासे कुठल्याच भाषेचे नव्हेत! आम्हा सीमाभागातल्या माणसांना हे मिश्रण नवे वाटू नये.

बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ग. कु. श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ 1925 पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केला. पुढे 1951 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. मासा खवल्यांचा की बिनखवल्यांचा, समुद्राचा की नदीचा, तो काय खातो, हे सारे सोमेश्वराने मांडले आहे. गळ टाकणे हा राजाचा विरंगुळा. पण आधी मासा ओळखा, मग आयुधाला हात घाला, ही शिस्त त्या विरंगुळ्यातही होती.

या शिस्तीचा दोऱ्यापुरता विस्तार पाहायचा तर दूर इंग्लंडात जावे लागते. तिथे 1496 मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाने मासे धरण्यावरचा एक छोटा प्रबंध छापला. तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीने लिहिला असे परंपरा सांगते; अभ्यासकांना ते पटत नाही. तेव्हा दोरा असे घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, पीळ देऊन गाठी मारलेला. कोणत्या माशाला किती केसांचा दोरा, याचा हिशेबच प्रबंधात आहे. बोटाएवढ्या मासळीला एक केस पुरे. तिच्याहून थोराड असेल तर दोन किंवा तीन. ट्राउट आणि बार्बेल यांना नऊ, मोठ्या ट्राउटला बारा, सामनला पंधरा. पाइक नावाचा दातांचा मासा केस कापून टाकतो, म्हणून त्याच्यासाठी सुताराची रेघ आखायची दोरी आणि गळाजवळ तार.

रंगाचा विचार त्याहून बारीक. पांढरे केस घेऊन ते सहा रंगांत रंगवायचे. एप्रिल ते सप्टेंबर नितळ पाण्यात हिरवा दोरा, कारण तेव्हा पाणवनस्पती हिरव्या असतात. त्या पिवळ्या पडल्या की दोराही पिवळा. हिवाळ्यात तांबूस. काळ्या, साचलेल्या पाण्यात तपकिरी. आपल्या बायका साडीला काठ जुळवतात त्या काळजीने ही मंडळी पाण्याला दोरा जुळवीत होती.

या खटाटोपामागे एक साधी अडचण आहे. दोरा जाड केला तर तुटत नाही, पण माशाला दिसतो. बारीक केला तर दिसत नाही, पण तुटतो. त्यातल्या त्यात दिलासा इतकाच की व्यास दुप्पट केला की बळ चौपट होते. रंगाचे गणितही डोळ्याला फसवणारे. तांबडा प्रकाश पाण्यात सर्वांत आधी विरतो, म्हणून हातात लालभडक दिसणारा दोरा खोल पाण्यात काळपट होतो, नाहीसा होत नाही.

महाशीर हा बार्बेलचा लांबचा भाऊबंद. कर्नल साइक्सने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरची नोंद केली तेव्हा त्याला ‘खुद्री’ हे इथल्या लोकांच्या तोंडचे नाव दिले. शास्त्रीय नावात ते आजही आहे. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास मुलकी सेवेतल्या अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ 1873 मध्ये मंगळूरला छापले गेले. त्या काळी साहेबांच्या दोऱ्याचे गळाकडचे टोक रेशीमकिड्याच्या तांतीचे असे. किडा व्हिनेगरमध्ये भिजवायचा आणि त्याच्या पोटातली रेशीमग्रंथी ताणून तार काढायची. स्पेनमधला मुर्सिया प्रांत त्यासाठी प्रसिद्ध होता. एक तार फार तर हात-दीड हात, वाळली की कडक, म्हणून आधी पाण्यात भिजवायची. लपावी म्हणून चहात नाहीतर शाईत बुडवायची.

मग 1939 मध्ये अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने नायलॉनचा एकेरी धागा बाजारात आणला. बारीक, पारदर्शक, न कुजणारा आणि पुढे स्वस्तही. आमच्याकडे तो ‘तंगूस’ झाला. मराठी घरात तंगूस, शेजारच्या कानडी घरातही तंगूस. वेताळलेल्या गवतात दडणाऱ्या मरळीला जाड तंगूस, खाडीतल्या लहान तोंडाच्या काळुंदराला बारीक, इसवणीच्या दातांसाठी टोकाला तार, एवढे जाणकार अजून सांगतात. पण दुकानात बहुतेकांची मागणी एकच असते, ‘न तुटणारा द्या.’ पंधरा केसांचा हिशेब त्या एका शब्दात बुडाला.

त्या 1496 च्या मुद्रकाला ही भीती होती. हा प्रबंध सुटा छापला तर स्वस्तात रिकामटेकड्यांच्या हाती पडेल आणि ते मासे संपवतील, म्हणून आपण तो थोरामोठ्यांच्या जाड ग्रंथात घातला, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचा हा तोरा मला पटत नाही. आपल्या नद्यांतला महाशीर बारक्या गळकऱ्यांनी संपवला नाही. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांनी तो घटवला. कबिनी नदीत 1946 मध्ये 120 पौंडांचा महाशीर गळाला लागला होता. कावेरी खोऱ्यातल्या त्या कुबडवाल्या महाशीरला शास्त्रीय ओळख मिळाली 2018 मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला.

मात्र तंगुसाचा एक दोष केसाला नव्हता. केस, सूत, रेशीम पाण्यात कुजून जाते. तुटलेला तंगूस झुडपांत वर्षानुवर्षे राहतो आणि पाणकावळ्यांच्या, कासवांच्या पायांना गुंडाळतो. मलप्रभेकाठी काही म्हातारे गळकरी तुटका तंगूस पाण्यात टाकत नाहीत. बोटांवर गुंडाळून खिशात घालतात आणि घरी नेऊन त्याने मोगऱ्याचा वेल बांधतात.