थैली आणि थैली वाहणारा

जुन्या टपालवाल्याचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासे, खांद्यावर काठी, काठीला अडकवलेली थैली आणि टोकाशी भाल्याचे पाते व घुंगरांचा झुबका. भाला पाहून मुलांना वाटते की हा माणूस चोरांशी लढत असला पाहिजे. आमच्या मते त्या चित्रातील सर्वांत निरुपयोगी वस्तू कोणती असेल तर ती भाला होय. जनावर दूर ठेवायला तो ठीक, पण दबा धरून बसलेल्या चार-पाच जणांपुढे दमलेल्या एकट्या माणसाचा भाला काय करणार? टपाल सुखरूप पोचू लागले त्याचे श्रेय लाख, दोरी, घड्याळ, वही आणि कागदाचा एक लहानसा चौकोनी तुकडा यांना द्यावे लागते. मात्र या साधनांनी थैली जेवढी राखली तेवढा ती वाहणारा माणूस राखला काय, हा प्रश्न वेगळा आहे, आणि या लेखात आम्हाला त्याचाच विचार करायचा आहे.

त्यासाठी सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा जत तालुका डोळ्यांपुढे ठेवू. पाऊस कमी, माळरान उघडे, वस्ती विरळ, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना मधली वाट निर्मनुष्य. हे डफळे घराण्याचे संस्थान. औंध, फलटण, भोर, अक्कलकोट यांच्याप्रमाणे जतचे जहागीरदारही सातारच्या छत्रपतींच्या छत्राखाली होते. १८४८ साली सातारचे राज्य खालसा करण्याचा निर्णय झाल्यावर ते थेट इंग्रजांचे मांडलिक बनले आणि १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे सुमारे शंभर वर्षे या मुलखात इंग्रजी जिल्हे आणि संस्थाने यांच्या हद्दी शेजारी शेजारी होत्या. वाटमाऱ्याला लपायला जंगल लागते असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याला हद्द अधिक उपयोगी पडते. ओढा ओलांडला की अंमल बदलतो, फौजदार बदलतो आणि तक्रार कोणाकडे करायची याची पत्रापत्री सुरू होते.

हद्दीच्या या अडचणीवर आपल्याकडे एक जुना उपाय होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. चोरी झाली की गावचा रखवालदार (तो कुठे रामोशी, कुठे भिल्ल, कुठे महार असे) चोराच्या पावलांचा माग काढीत निघायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की त्या गावच्या रखवालदाराला बोलावून तो दाखवायचा आणि त्याच्या हवाली करायचा. पुढे शोध घेण्याची जबाबदारी त्या गावाची. असे करीत करीत माग जिथे थांबेल त्या गावाने चोर द्यावा, नाहीतर चोरीची भरपाई करावी.

शास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पद्धत आवडण्यासारखी आहे. पुरावा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दोन्ही हात हजर असतात आणि जबाबदारीची साखळी कुठेही तुटत नाही. पुढे टपाल खात्याने थैलीच्या बाबतीत जे केले त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. पद्धतीतले दोषही उघड आहेत. खडकाळ माळावर पाऊल उमटत नाही. रात्रीतून सर आली किंवा सकाळी मेंढरांचा कळप वाटेवरून गेला की माग संपतो. मग ज्याच्या शिवेत तो संपला ते निरपराध गाव पैसे भरते.

१८१८ नंतर ही घडी विस्कटली. नव्या राजवटीने रामोशांचे रखवालीचे हक्क व उत्पन्ने कमी केली, कित्येक ठिकाणी काढूनही घेतली. उमाजी नाईकांच्या उठावामागे हे एक मोठे कारण होते. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले गेले. पुढे सरकारने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा १८७१ साली केला आणि तो शिक्का १९५२ साली निघाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आणि बेरड ही दोन्ही नावे आढळतात. वाटेची राखण करणाऱ्यालाच वाटमाऱ्या ठरवणे हा टपालाच्या इतिहासाशी दुरून जोडलेला, पण विसरता न येणारा भाग आहे.

व्यापाऱ्यांनी मात्र राखणदारावर भिस्त ठेवली नव्हती. त्यांनी चोरण्याजोगी वस्तूच वाटेवरून काढून घेतली. रोकड न पाठवता हुंडी पाठवायची. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच, म्हणजे प्रतिष्ठित सावकारालाच मिळत. चोराच्या हाती ती पडली तरी ती वटवायला त्याला एखाद्या नावाजलेल्या पेढीचा उंबरा चढावा लागे. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत ‘पेठ’ आणि तीही हरवली तर तिसरी ‘परपेठ’ पाठवण्याची सोय होती. खरे मूल्य कागदात नसून दोन पेढ्यांच्या वह्यांत असते, हे या मंडळींनी ओळखले होते.

इंग्लंडातही असाच अनुभव होता. तिथे घोड्यावरून टपाल नेणारी पोरे वारंवार लुटली जात. जॉन पामर याच्या योजनेनुसार २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी निघाली. या गाड्यांच्या रक्षकाजवळ बंदुका असत, आणि पेटीत कुलूपबंद केलेले एक घड्याळही असे. वाटेतल्या प्रत्येक ठाण्याची वेळ नोंदली जाई. बंदूक हल्ल्याच्या क्षणी कामाची, घड्याळ मात्र सबंध प्रवासभर पहारा करते. गाडीला उशीर झाला तर तो नेमका कोणत्या दोन ठाण्यांमध्ये झाला हे लगेच कळते. नोटा टपालाने पाठवायच्या तर त्या मधोमध कापून एकेक अर्धा वेगवेगळ्या दिवशी पाठवावा, अशी तिथे रीत पडली. हिंदुस्थानातही १८६१ नंतर सरकारी नोटा आल्या तेव्हा लोक तसेच करीत. पहिला अर्धा पोचल्याचे पत्र आले की दुसरा रवाना करायचा. चोराला काही मिळवायचे तर दोनदा, आणि तीही नेमकी जोडीची, चोरी करावी लागणार. हा संभाव्यतेचा गुणाकार आहे. एका खेपेत थैली लुटली जाण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर दोन्ही अर्धे त्याच चोराच्या हाती पडण्याची शक्यता फार तर दहा हजारांत एक उरते. गणिताच्या तासाला हे उदाहरण चांगले चालेल.

आता आपल्या धावत्या टपालवाल्याकडे येऊ. त्याचा टप्पा काही मैलांचा. टप्पा संपला की थैली पुढच्या माणसाकडे. घुंगरांमुळे जनावरे बिचकत, वाटसरू बाजूला होत आणि पुढच्या चौकीवरचा गडी जागा होई. उघड्या माळावर निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार राहते. अशा हवेत ध्वनी वर न जाता वळून पुन्हा खाली येतो, म्हणून रात्री आवाज दिवसापेक्षा दूरवर ऐकू येतो. जतसारख्या माळावर याचा चौकीवाल्याला फायदा होता आणि दबा धरून बसलेल्यालाही.

थैलीचे तोंड दोरीने आवळून गाठीवर लाखेची मोहोर उठवीत. लाख ठिसूळ असते. एकदा तडकली की पूर्वीसारखी जोडता येत नाही, आणि वितळवून पुन्हा लावली तर छाप बदलतो. मोहोर चोरी थांबवीत नाही, झालेली चोरी लपू देत नाही. विमा उतरवलेल्या पाकिटाचे वजन करून ते वरच नोंदवीत. येथे एक गंमत आहे. कागद हवेतील बाष्प शोषून घेतो, त्यामुळे पावसाळ्यात त्याचे वजन किंचित वाढते. उन्हाळ्यात तेच पाकीट काही न चोरताही थोडे हलके भरेल. चांगली तागडी आणि संयमी पोस्टमास्तर या दोहोंची गरज तिथे पडत असणार.

या सर्व काटेकोरपणाची दुसरी बाजू टपालवाल्याच्या अंगावर येत होती. मोहोर फुटली की पहिला संशय ज्याच्या खांद्यावर थैली होती त्याच्यावर. १८९८ च्या टपाल कायद्यात टपाल चोरणाऱ्या नोकराला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. (त्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला.) वाटेत लुटल्या जाणाऱ्या माणसाचा विचार दंडसंहितेत केला गेला, पण तो केवळ नोकराचा नव्हे, साऱ्या वाटसरूंचा. जबरी चोरीला दहा वर्षे, मात्र ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी हमरस्त्यावर झाली तर चौदा. ही तरतूद १८६० सालची असून आजच्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे.

कागदाचा चौकोनी तुकडा म्हणजे अर्थात तिकीट. त्याचा एक धागा साताऱ्याशी जुळतो. सातारचे राज्य खालसा झाले तेव्हा तिथे रेसिडेंट असलेले बार्टल फ्रिअर नंतर सिंधचे कमिशनर झाले आणि १८५२ साली त्यांनी ‘सिंध डाक’ हे तिकीट काढले. १८५४ पासून सबंध हिंदुस्थानात तिकिटे आणि अंतर न पाहता वजनावर आकारलेला दर सुरू झाला. त्याआधी अंतर मोजून रोख हशील घेतले जाई आणि त्यात लबाडीला भरपूर वाव असे. तिकिटाने ती रोकड टपालाच्या नोकराच्या हातातून बरीचशी काढून घेतली, म्हणजे हुंडीने सावकारासाठी केले तेच. मग चोरांचे लक्ष तिकिटांकडेच वळले. म्हणून वापरलेल्या तिकिटावर शिक्का मारणे आले, आणि कारकुनांनी कचेरीतली तिकिटे पळवू नयेत म्हणून काही कंपन्या आपली आद्याक्षरे तिकिटांवर बारीक भोकांनी टोचून ठेवू लागल्या.

१८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डरचे काम हाती घेतले. थैलीतून आता पैसे जाईनात, फक्त फॉर्म जाऊ लागला. पण शेवटच्या टप्प्यात पैसे रोखच द्यायचे होते! मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाने पाठवलेली रक्कम सातारा-सांगलीकडच्या खेड्यात मोजून देणारा तो पोस्टमनच. थैली निर्धोक झाली आणि खिसा धोक्यात आला. १९२७ साली बार्शी लाईट रेल्वे मिरजेपर्यंत पोचली, तिच्यावर ‘जत रोड’ नावाचे स्थानक झाले. नावातला ‘रोड’ हा शब्द प्रामाणिक आहे, स्थानकापासून जत गाव दूरच. आगगाडीने शेकडो मैल सुरक्षित केले, स्थानकापासून वाडीपर्यंतची वाट होती तशीच राहिली.

या साऱ्या युक्त्या पैशाच्या चोरापुरत्या होत्या. १९४२ मध्ये तारा तोडणे, टपाल कचेऱ्या जाळणे, थैल्या पळवणे हे प्रकार देशभर झाले, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचा सातारा जिल्हा त्यात आघाडीवर होता. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने आगगाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम नेली. जिथे सत्तेचे चिन्ह हेच लक्ष्य असते तिथे लाखेची मोहोर काय करणार? आणि ते चिन्ह खांद्यावर वाहणारा माणूस मात्र शेजारच्याच गावचा असे.

अमेरिकेत अलीकडे हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे. तिथल्या शहरांत पोस्टमनजवळ एक किल्ली असते, ती एका भागातील अनेक टपालपेट्यांना लागते. २०२० नंतर या किल्लीसाठी पोस्टमनवर बंदूक रोखण्याचे प्रकार वाढले. पेटीतले धनादेश हे चोरांचे खरे लक्ष्य. २०२३ मध्ये तिथल्या टपाल खात्याने हजारो जुनी कुलुपे काढून इलेक्ट्रॉनिक कुलुपे बसवण्याचे ठरवले, म्हणजे नुसती किल्ली हिसकावून काही साधू नये.

आपल्याकडे जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली आणि तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली. २०१८ पासून टपाल खात्याची पेमेंट्स बँक आहे. ग्रामीण डाक सेवक यंत्रावर अंगठा घेऊन दारात पैसे देतो. हिशेब क्षणात मध्यवर्ती संगणकात जातो, मोहोर फुटण्याचा प्रश्नच नाही. शाखा टपाल कार्यालयात किती रोकड ठेवावी यालाही मर्यादा घातलेली असते, तीही एक प्रकारची राखणच. परंतु म्हातारीच्या हातावर ठेवायच्या नोटा त्याला बरोबर न्याव्याच लागतात, आणि महिन्याच्या कोणत्या दिवसांत त्या त्याच्याजवळ असतात हे सबंध गावाला ठाऊक असते. घुंगरांची काठी गेली, तरी तो येत असल्याची वर्दी अजून त्याच्या पुढे धावते.