दोन बांबू, दोन घड्याळे

बांबू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: हिरवी, पोकळ, पेरापेरांची उंच काठी. पण हाच शब्द एखाद्या बुरुडापुढे उच्चारून बघा. तो लगेच विचारील, 'कुठला?' टोपलीचा वेगळा, शिडीचा वेगळा, मांडवाचा वेगळा. कोकणात माणगा आणि चिवा, इतरत्र कळक आणि मेस, विदर्भाच्या रानात भरीव मानवेल आणि काटेरी कटांग. गंमत अशी की ही नावेही सगळीकडे सारखी लागू होत नाहीत. एका तालुक्यात ज्याला मेस म्हणतात, तो घाट ओलांडला की दुसराच निघतो.

मग रानात उभा असलेला बांबू नेमका कोणता, हे ठरवायचे कसे? प्रश्न साधा वाटतो. पण त्याने वनस्पतिशास्त्रज्ञांना दीड-दोन शतके झुंजवले. आणि या प्रश्नाच्या उत्तरावर, निदान एका डोंगराळ मुलखात, हजारो माणसांचे पोट अवलंबून होते. त्या शोधाची ही हकीकत आहे.

सुरुवात करू या मलबारपासून. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने तिथल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. 'हॉर्टस मलबारिकस' हे त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅमला छापले गेले. या कामात इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांनी १६७५ साली दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेला आहे. या ग्रंथात काटेरी बांबू 'इली' या नावाने येतो आणि नदीकाठी वाढणारा, बोरूसारखा बारीक बांबू 'बीशा' या नावाने. म्हणजे आपल्याकडच्या बांबूंची युरोपला झालेली ही ओळख स्थानिक माणसांच्या तोंडून झाली होती.

पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने सगळ्या वनस्पतींना दोन शब्दांची नावे द्यायला घेतली, तेव्हा त्याने बांबूला देवनळाच्या शेजारी बसवले. नाव ठेवले 'अरुंडो बांबोस'. बांबू हे एक गवतच आहे, हे त्याने बरोबर हेरले होते. १७८९ साली श्रेबर याने बांबूला देवनळापासून वेगळे काढून 'बांबुसा' ही स्वतंत्र प्रजाती केली. आपल्या कळकाचे आजचे शास्त्रीय नाव 'बांबुसा बांबोस' हे त्यातूनच आले.

खरी अडचण इथून पुढे सुरू झाली. लिनियसची सारी पद्धत फुलावर उभी होती. फुलात पुंकेसर किती, स्त्रीकेसर किती, हे मोजायचे आणि वनस्पतीला तिच्या घरात बसवायचे. आंबा दरवर्षी मोहरतो, जास्वंद तर बारमाही फुलते. पण बांबू? कित्येक बांबू तीस, चाळीस, पन्नास वर्षे फुलतच नाहीत. फुलतात ते सारे रान एकदम फुलते, बी टाकते आणि वाळून मरते. एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ उभा जन्म रानात हिंडला तरी त्याला एखाद्या जातीचे फूल पाहायला मिळेलच असे नाही. आणि ज्याला फुले मिळत, त्याला पुष्कळदा त्या बांबूची पाने मिळत नसत, कारण फुलताना ती गळून गेलेली असत.

त्यातून गोंधळ झाले नसते तरच नवल. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी चितगावच्या डोंगरातला एक विलक्षण बांबू नोंदवला. इतर बांबूंचे बी भातासारखे किंवा गव्हासारखे बारीक. याचे फळ मात्र पेरूएवढे, गरदार. त्याचे वर्णन १८१९ साली, रॉक्सबर्ग वारल्यानंतर, प्रसिद्ध झाले. याच बांबूला आज 'मेलोकाना बॅक्सिफेरा' म्हणतात. बंगाली मुलखात तो 'मुळी'. आता मलबारच्या त्या 'बीशा'लाही असेच गरदार फळ येते. युरोपातल्या अभ्यासकांनी हे सारखेपण पाहिले आणि काही काळ दोघांनाही 'बीशा' या एकाच प्रजातीत घालून टाकले. एक नदीकाठी दाट बेट करून वाढणारा, दुसरा डोंगरभर सुटा सुटा पसरणारा. दोघांना रानात पाहिलेल्या माणसाने त्यांना एक म्हटले नसते. पण कागदावर चिकटवलेल्या फुलाफळांतून जमिनीखालचे दिसत नाही.

१८६८ साली जनरल विल्यम मन्रो या लष्करी अधिकाऱ्याने जगभरच्या बांबूंवर पहिला मोठा प्रबंध लिहिला. त्यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. मुंबई इलाख्यात काम केलेले डॉक्टर जॉन एलर्टन स्टॉक्स यांचे नाव मन्रोने एका बांबूला दिले. स्टॉक्स तोवर वारून चौदा वर्षे झाली होती. हा बांबू म्हणजे आज सिंधुदुर्गात माणगा म्हणून ओळखला जाणारा बांबू. त्याची प्रजाती कोणती, यावर मात्र शास्त्रज्ञांचे मत बदलत राहिले. आधी 'ऑक्सिटेनान्थेरा', मग १९९१ मध्ये 'स्यूडोऑक्सिटेनान्थेरा', मग २००४ मध्ये 'डेन्ड्रोकॅलॅमस'. कोकणातल्या शेतकऱ्याने मात्र या सगळ्या काळात तो कधी चुकीचा ओळखला नाही.

हे त्याला कसे जमले? तो फुलाची वाट पाहत नाही. तो कोंब पाहतो, पेर पाहतो, बेट पाहतो.

शास्त्रालाही शेवटी हीच वाट धरावी लागली. कलकत्त्याच्या उद्यानातले सुल्पिझ कुर्झ हे जावा आणि ब्रह्मदेशाच्या रानांत हिंडलेले अभ्यासक. बांबूच्या कोंबावरचे आवरण नीट पाहा, असा त्यांचा आग्रह होता. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोंब आपण पाहिलेला असतो. प्रत्येक पेराभोवती एक जाड, कागदासारखे आवरण गुंडाळलेले असते आणि त्याच्या टोकाला एक लहान पाते असते. हे पाते काही बांबूंत ताठ उभे, काहींत मागे वळलेले. आवरणावर कुठे काळी लव, कुठे पांढरी भुकटी, तर कुठे अगदी गुळगुळीत. खांद्यापाशी काहींना कानासारखे भाग, काहींना मुळीच नाहीत. एका जातीचे आवरण दुसरीसारखे सहसा नसते. आणि मुख्य म्हणजे ते दर पावसाळ्यात मिळते, त्यासाठी पन्नास वर्षे थांबावे लागत नाही.

हा विचार पूर्णत्वाला नेला जेम्स साइक्स गॅम्बल यांनी. ते वनाधिकारी होते आणि डेहराडूनच्या वनविद्यालयाचे संचालक. १८९६ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बांबूंवरचा त्यांचा ग्रंथ कलकत्त्याच्या उद्यानाने प्रसिद्ध केला. त्यात ११९ चित्रपत्रे आहेत. फुलांच्या बारकाव्यांबरोबर कोंबाचे आवरण, पान, फांदी असे सारे त्यात काढलेले आहे. रानात उभ्या असलेल्या माणसाला उपयोगी पडेल असे हे पुस्तक होते, आणि सव्वाशे वर्षांनंतरही अभ्यासकांना ते उघडावे लागते. पुढे १९५६ साली सिंगापूरचे होल्टम यांनी फुलातल्या बीजकोशाच्या रचनेवरून बांबूंची नाती जुळवली. १९६६ साली अमेरिकेच्या मॅक्लूर यांनी कंदापासून फांदीपर्यंत सगळा बांबू टिपला पाहिजे, हे आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. थोडक्यात, फूल नाते सांगते, पण रोजची ओळख कोंब, कंद आणि फांदी देतात.

आता कोणी म्हणेल, ही झाली पंडितांची करमणूक. बांबू तो बांबू. नावात काय आहे?

त्याचे उत्तर ईशान्येकडे, मिझोरामच्या डोंगरात मिळते. तिथे दोन बांबू महत्त्वाचे. एक, रॉक्सबर्गने नोंदवलेला तोच मेलोकाना. मिझो भाषेत तो 'मौतक', आणि त्याच्या फुलून मरण्याला म्हणतात 'मौताम'. दुसरा 'रॉथिंग', शास्त्रीय नाव 'बांबुसा तुल्दा'. तो मरतो त्याला म्हणतात 'थिंगताम'. बांबू फुलला की डोंगरभर बी पडते, त्यावर उंदीर माजतात. बी संपले, उरलेले रुजून गेले, की उंदरांच्या झुंडी भाताच्या शेतांत शिरतात. एका रात्रीत पीक फस्त होते. मागोमाग दुष्काळ येतो.

अशी फुले कधी आली, हे पाहा. १९११, १९२९, १९५८-५९, १९७७, २००७. केवळ 'बांबू फुलला' एवढीच नोंद ठेवणाऱ्याला यात काही नियम दिसणार नाही. मध्ये कधी अठरा वर्षे जातात, कधी तीस. पण हे दोन बांबू वेगळे काढा. १९११, १९५८-५९, २००७ ही मौतामची वर्षे. १९२९ आणि १९७७ ही थिंगतामची. दोन्हींचे अंतर सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे. एकाच डोंगरावर दोन घड्याळे चालली होती, आणि त्यांचे टोल एकमेकांत मिसळत होते. मिझो वृद्धांना हे ठाऊक होते. मौतामनंतर अठरा वर्षांनी थिंगताम, आणि त्यानंतर तीस वर्षांनी पुन्हा मौताम, असा त्यांचा हिशेब. मौतामची झळ मोठी, थिंगतामची त्या मानाने कमी, हेही ते सांगत. दोन बांबूंना दोन नावे होती, म्हणूनच हा हिशेब मांडता आला.

१९५८ साली याच हिशेबावरून मिझो जिल्हा परिषदेने आसाम सरकारला सावध केले होते, की दुष्काळ येतो आहे, मदतीची तयारी ठेवा. त्या इशाऱ्याची दखल घेतली गेली नाही. बांबूच्या फुलावरून कुठे दुष्काळ सांगता येतो, अशी ती वृत्ती होती. दुष्काळ आला. लोकांना मदत पोहोचवण्यासाठी लालडेंगा यांच्या पुढाकाराने जी संघटना उभी राहिली, तिच्या नावातच दुष्काळ हा शब्द होता. १९६१ साली तो शब्द गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष जन्माला आला. १९६६ साली सशस्त्र उठाव झाला आणि शांतता करार व्हायला १९८६ साल उजाडले. या संघर्षाला इतरही कारणे होती. पण पहिली ठिणगी त्या न ऐकलेल्या इशाऱ्याने पडली, हे नाकारता येत नाही.

बांबूच्या फुलण्याचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. १८६४ साली उत्तर कानडातल्या सुप्याच्या जंगलात बांबू फुलला, तेव्हा धारवाड आणि बेळगाव भागातून सुमारे पन्नास हजार माणसे बी गोळा करायला गेल्याचे त्या काळच्या नोंदींत आहे. भातासारखे शिजवून खाता येणारे ते बी पावसाळ्याची बेगमी म्हणून लोकांनी घरी नेले. तिथे फुललेला बांबू पोटाला आधार देऊन गेला. मिझो डोंगरात फुललेल्या बांबूने पोटावर पाय दिला.

२००७ च्या मौतामच्या वेळी मात्र शासनाने आधीच तयारी केली. धान्य साठवले गेले, उंदरांच्या शेपट्या आणून देणाऱ्यांना पैसे दिले गेले. नुकसान झाले, पण १९५९ ची पुनरावृत्ती टळली. हिशेब मांडायचा तर थिंगतामची पाळी २०२५ च्या सुमारास येते आणि पुढच्या मौतामची २०५५ च्या सुमारास. आज जन्मलेली मुले तेव्हा तिशीत असतील.

म्हणून एखाद्या रानबांबूचे वर्णन लिहून ठेवायचे, तर त्यात कंद, कोंब, पाने आणि फुले यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी हव्यात: तो कोणत्या साली फुलला, आणि तिथली माणसे त्याला काय म्हणतात. आपल्याकडेही गावोगावच्या बुरुडांना, रानात राहणाऱ्यांना ही नावे आणि ही वर्षे ठाऊक आहेत. पण बांबूच्या एका फुलण्यापासून दुसऱ्या फुलण्यापर्यंत दोन पिढ्या सरतात. ज्याने फुलोरा पाहिला, तो पुढचा पाहायला बहुधा नसतो. त्याच्या आठवणीतले साल कोणीतरी वहीत उतरवून घेतले, तरच ते पुढच्याच्या उपयोगी पडेल.