नवऱ्याच्या पश्चात: नव-फ्रान्समधल्या कर्त्या विधवा

मंडळी, आज आपल्याला जायचंय कॅनडात, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी. 1608 मध्ये इथे क्वेबेक वसलं. फ्रेंचांच्या या वसाहतीला नव-फ्रान्स म्हणत.

इथे पॅरिसचा रूढीकायदा चाले. संसारात मिळवलेली मालमत्ता साधारणपणे नवरा-बायकोची समाईक, पण कारभार नवऱ्याचा. आपल्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखाच म्हणा ना. बायकोला करार करायचा तर त्याची परवानगी हवी. तो वारला की मात्र अर्धा वाटा तिचा आणि सही तिची एकटीची. म्हणून दप्तरात बाई ठळक दिसते ती विधवा झाल्यावर.

क्वेबेकची मारी-आन बार्बेल बघा. व्यापारी नवरा, जाँ-लुई फोर्नेल, 1745 मध्ये गेला. तेव्हा युद्ध चालू होतं, फ्रान्सहून भांडी येईनात. बाईंनी पुढच्याच वर्षी कुंभारकामाचा कारखाना काढला. पुढे तादुसाकच्या फर-व्यापाराचा मक्ताही घेतला. आता हे कसब काय वर्षभरात येतं? फोर्नेल 1743 मध्ये लॅब्राडोरच्या सफरीवर होता, तेव्हा दुकान कुणी सांभाळलं असेल, याचा आपणच विचार करावा.

नवरा हयात असताना पुढे आलेल्याही काही होत्या. माँट्रियलच्या आगात द सँ-पेरनं 1705 मध्ये, कापडाची टंचाई असताना, कैदेतले इंग्रज विणकर पैसे भरून सोडवले आणि माग बसवले. धागा कशाचा? झाडांच्या साली, खाजऱ्या वनस्पती, बायसनचे केस!

पण या विधवांचं नुसतं कौतुक करून भागणार नाही. माँट्रियलच्या तेरेज द क्वान्यचा नवरा 1733 मध्ये वारला. त्याच्या लोखंडाच्या कारखान्याचा व्याप तिच्याकडे आला, आणि मारी-जोझेफ आंजेलीक ही गुलाम बाईसुद्धा. 1709 च्या हुकमानं विकत घेतलेली कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी माणसं मालमत्ता ठरली होती. तेव्हा आंजेलीकला विकायचं की ठेवायचं, हे ठरवणार विधवाच. तिनं विकायचं ठरवलं. बंदुकीच्या दारूच्या बदल्यात!

विक्री होण्याआधीच, 10 एप्रिल 1734 ला, शहरात आग लागली. चाळीसवर इमारती जळाल्या, इस्पितळही गेलं. आळ आंजेलीकवर आला. तिनं लावली की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. 21 जूनला तिला फाशी दिलं. खटल्यात ती आरोप नाकारत राहिली. कबुली आली ती छळ केल्यावर. ते जबाब आजही वाचायला मिळतात, पण लिहिलेत कोर्टाच्या कारकुनानं.