प्लेम प्रकरण

अमेरिकेत गुप्तहेर संघटना सीआयएच्या अधिकारी व्हॅलरी प्लेम यांचे नाव फुटल्यावरून २००३ मध्ये उद्भवलेले प्रकरण. इराकने नायजरकडून युरेनियम मिळवू पाहिल्याच्या बुश सरकारच्या दाव्यावर त्यांचे पती, माजी राजदूत जोसेफ विल्सन यांनी ६ जुलैला लेख लिहून आक्षेप घेतला. त्याच दिवशी ते ‘मीट द प्रेस’ या चर्चा-कार्यक्रमातही बोलले. आठवडाभरानंतर रॉबर्ट नोवाक यांच्या स्तंभात प्लेम यांचे नाव झळकले. ते पुरवणारे होते परराष्ट्र उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज.

या प्रकरणाच्या चौकशीत पत्रकार ज्युडिथ मिलर यांनी सूत्राचे नाव न सांगितल्याने ८५ दिवस तुरुंगवास भोगला. गंमत अशी, की या विषयावर त्यांनी बातमी लिहिलीच नव्हती. सूत्र होते उपाध्यक्ष चेनी यांचे कार्यालयप्रमुख (चीफ ऑफ स्टाफ) लुईस लिबी. आपला उल्लेख ‘वरिष्ठ अधिकारी’ असा न करता ‘संसदेचा माजी कर्मचारी’ असा करावा, ही त्यांची अट मिलर यांनी मान्य केली होती. तांत्रिकदृष्ट्या खरे, पण वाचकांची शुद्ध दिशाभूल.

प्लेम यांच्याविषयी ‘मीट द प्रेस’चे सूत्रसंचालक टिम रसर्ट यांच्याकडून कळले, असे लिबी सांगत. रसर्ट यांनी २००७ मध्ये लिबी यांच्यावरील खटल्यात साक्ष देताना ते साफ नाकारले. त्याच खटल्यात चेनी यांच्या माध्यम-सहायक कॅथी मार्टिन यांची टिपणे उघड झाली: ‘मीट द प्रेस’मध्ये संदेशावर आपले नियंत्रण राहते, असे त्यांत नोंदले होते. लिबी खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरले. अध्यक्ष बुश यांनी कैद रद्द केली, ट्रम्प यांनी २०१८ मध्ये माफी दिली. नाव फोडल्याचा आरोप मात्र कोणावरही ठेवला गेला नाही.